चौघींनी काढलेल्या वाटा

शिवणाच्या डब्यात बटणं साठत जातात, तसे आमच्या चौघींचे किस्से साठत गेले आहेत. कुठलं बटण कुठल्या झंपराचं, ते आता सांगता येत नाही; पण एकही फेकवत नाही. चौघी एकत्र बसलो की कोणीतरी डबा उपडा करतं आणि मग चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो.

हे सगळं बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे घडलेलं. नगरला तेव्हा हिवाळ्यात नकाशाची शर्यत व्हायची. लष्करी छावणीतल्या काही हौशी साहेबांनी ती सुरू केली होती. शाळा, कॉलेज, ऑफिस, कारखाना, कोणीही चौघांची तुकडी पाठवावी. सकाळी हातात एक नकाशा मिळायचा. त्यावर डोंगरात, ओढ्याकाठी, एखाद्या देवळामागे ठाणी मांडलेली असायची. प्रत्येक ठाण्यावर एक माणूस शिक्का घेऊन बसलेला. चौघांनी मिळून तिथे पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. कोणत्या क्रमानं जायचं, डोंगर चढून जायचं की वळसा घालून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. वाटेत कोणाला विचारायला मनाई नव्हती, फक्त वाहनात बसायचं नाही.

आमच्या तुकडीच्या पुढारी लीलाबाई. मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायच्या. मी शकुंतला, मॅट्रिक पास, त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून. विमल दवाखान्यात नर्स होती. आणि हौसा पाथर्डीकडची, नगरला एका वस्तीत बालवाडी चालवायची. चौघींची लग्नं झालेली, चौघींच्या घरी पोरंबाळं. नकाशा शिकवायला सुभेदार काका होते. लष्करातून निवृत्त झालेले, मिशी पांढरी, आवाज मात्र अजून परेडच्या मैदानावरचा.

शर्यतीला दोन पल्ले असायचे. आखूड पल्ला अर्ध्या दिवसाचा आणि लांब पल्ला उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंतचा. लांब पल्ला फक्त पुरुषांसाठी होता. लीलाबाई दरवर्षी मोठ्या साहेबांकडे जाऊन तो मागायच्या. साहेब सभ्य माणूस. खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, पल्ला द्यायचे नाहीत.

"उद्या दिवस मावळला आणि तुम्ही डोंगरात राहिलात, तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू?" असं ते विचारायचे.

लीलाबाई चहा संपवून यायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "चला, सरावाला. पुढच्या वर्षी विचारू."

*

पहिला धडा शाळेच्या मैदानावर झाला. नकाशावर डोंगर दाखवणाऱ्या तपकिरी रेघा असतात. एका रेघेवर सगळीकडे उंची सारखी. सुभेदार काकांनी फळ्यावर काढून दाखवलं, हातवारे करून दाखवलं. विमल म्हणाली, "पण काका, खऱ्या डोंगरावर अशा रेघा कुठे असतात?"

काकांनी पिशवीतून बटाटा काढला. अर्धा चिरला, पालथा ठेवला, त्याच्या आडव्या चकत्या केल्या. एकेक चकती कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवली. गोलात गोल उमटले. आम्ही माना डोलावल्या, पण धडा डोलावण्यापुरताच समजला होता. विमलच्या मनात तर त्या चकत्यांची भाजी शिजत होती, हे तोंडावर दिसत होतं.

हौसा त्या गोलांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "काका, आमच्याकडं तळं आटतं नं, तवा काठावर रेघा उठत्यात. आज हितवर पानी हुतं, मग खाली गेलं, मग आनखी खाली. एकाखाली एक. जिथं काठ उभा, तिथं रेघा जवळजवळ. जिथं उतार, तिथं लांबलांब. तसंच हाय का हे?"

काका फळ्याशी उभे राहिले. हातातला चाकू पुसला, मिटला, खिशात ठेवला.

"सगळी नोकरी मी बटाटे कापण्यात घालवली," ते म्हणाले.

*

होकायंत्र विमलकडे असायचं, कारण तिचा हात कधी थरथरत नसे. काकांनी शिकवलं होतं, पोटाशी धरा, सुई स्थिर होऊ द्या, मग समोरची खूण धरून चाला. विमल अगदी तसंच करायची. आणि तरीही आम्ही दर सरावात डावीकडे भरकटायचो. टेकडीवरच्या देवळासाठी निघायचो आणि वीटभट्टीवर पोचायचो. भट्टीवाल्याची आमची चांगली ओळख झाली होती.

लीलाबाईंनी होकायंत्र धरलं की देऊळ सापडायचं. विमलनं धरलं की वीटभट्टी. बिचारी रडकुंडीला आली.

एके दिवशी सुभेदार काका आमच्या मागोमाग चालत आले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "विमलताई, कमरेला काय खोचलंय?"

"चाव्या. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटांच्या. घरी ठेवल्या तर पोरं हरवतील म्हणून बरोबर ठेवते."

तिनं पदर बाजूला केला. लोखंडी कड्यात ओवलेला चांगला मूठभर जुडगा होता. काकांनी तो हातात घेतला, होकायंत्राजवळ नेला. सुई त्याच्याकडे वळली, दूर नेला तशी परत गेली.

"ताई, तुमच्या औषधांच्या कपाटानं उत्तर दिशा हलवली," काका म्हणाले.

तेव्हापासून निघण्याआधी लीलाबाई आम्हाला रांगेत उभं करायच्या आणि चाव्या, पिना, जे काही लोखंडाचं असेल ते मागच्या पिशवीत टाकायला लावायच्या. पहिल्याच दिवशी हौसानं कनवटीतून भला मोठा अडकित्ता काढला.

"व्हय, तरीच," ती म्हणाली. "म्या म्हनत हुते, सुई सारखी माज्याकडंच का बघतीया."

*

आता आत्याचा किस्सा.

पारनेरच्या बाजूला आम्ही लांब सरावाला गेलो होतो. नकाशावर सगळ्यात सोपी वाट एका खेड्यातून जात होती. सपाट रस्ता, ना चढ ना ओढा. लीलाबाईंनी बोट ठेवलं आणि आम्ही निघालो. गावात शिरलो तर पारावरून हाक आली, "अगं, ही आपली विमल नव्हं?"

विमलच्या आत्याचं गाव निघालं ते.

आत्याबाईंनी आम्हाला अंगणात बसवलं. पोहे झाले. चहा झाला. लीलाबाई पुन्हा पुन्हा उन्हाकडे बघत होत्या. उठलो, तर आत्याबाई म्हणाल्या, "चार सवाष्णी दारात आल्या आन् तशाच मोकळ्या जातील व्हय?" मग शेजारणीकडून नारळ आणायला माणूस गेला. चौघींना कुंकू लावून ओट्या भरल्या. प्रत्येकीच्या पदरात गहू, नारळ, खारीक, झंपराचा खण. ओटी पदरात घेतली की ती वाटेत कुठे काढून ठेवता येत नाही. लीलाबाई शाळेत ड्रिल शिकवणारी बाई, पण त्यांचीही हिंमत झाली नाही. आम्ही चौघी पोटाशी नारळ धरून दोन डोंगर चढलो आणि उतरलो.

सुभेदार काका शेवटच्या ठाण्यावर आमची वाट बघत होते. त्यांनी आमच्याकडे खालीवर बघितलं.

"शिक्के आणायला पाठवलं होतं," ते म्हणाले.

त्या रात्री आम्ही नकाशा पसरला आणि काम केलं. कोणाची नणंद कुठे दिली आहे, कोणाचे मामा कुठे, कोणाची चुलत सासू कुठे, सगळी गावं लाल पेन्सिलीनं गोल केली. जिल्ह्याचा नकाशा गोवर आल्यासारखा दिसायला लागला. त्यानंतर लीलाबाई वाट ठरवताना उभा कडा जसा टाळायच्या, तसाच लाल गोल टाळायच्या.

शर्यतीत निघण्याआधी प्रत्येक तुकडीला आपली ठरवलेली वाट साहेबांना दाखवावी लागे. पुढच्या शर्यतीत साहेबांनी आमची वाट नकाशावर तपासली आणि एका जागी बोट थांबवलं. "इथे तुम्ही एवढा मोठा वळसा का घेताय? सपाट जमीन आहे. दलदल वगैरे आहे का?"

"नाही साहेब," विमल म्हणाली, "आत्या आहे."

*

संगमनेर, कोपरगावकडची शर्यत म्हणजे ऊस. तिथे डोंगर नाहीत, कडे नाहीत, आणि तरी माणूस हरवतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा, मध्ये पाटाची वाट, वर आभाळाची पट्टी. नकाशावर ऊस नसतो. तो तर दरवर्षी नवा.

आम्ही आठवडाभर आधी जाऊन सगळा भाग बघून आलो होतो. त्या वेळी नकाशा आधीच वाटला होता आणि जाऊन बघायला मुभा होती. लीलाबाईंनी खुणा ठरवल्या आणि आमच्याकडून पाठ करून घेतल्या. पाटाच्या पुलावरून सरळ. आंब्यापाशी डावीकडे. मग ऊस संपतो तिथे उजवीकडे, की समोर ठाणं. आम्ही बसमध्ये येताजाताना ते म्हणत होतो. कंडक्टरलाही पाठ झालं असेल.

शर्यतीच्या दिवशी पुलावरून सरळ गेलो. आंब्यापाशी डावीकडे वळलो. आणि ऊसच नव्हता. नजर पोचेल तिथवर मोकळं रान, पाचट पसरलेलं, दूर कुठेतरी बैलगाड्या चाललेल्या. आम्हाला ज्या कोपऱ्यावर वळायचं होतं, तो कोपरा कारखान्यात जाऊन पोचला होता.

शेवटी पाटाच्या वळणावरून अंदाज बांधत ठाणं शोधलं. पण तोवर तीन तुकड्या पुढे गेल्या होत्या. परत येताना त्याच रानाच्या कडेला ऊसतोडीची टोळी जेवायला बसलेली दिसली. हौसा थबकली आणि एकदम तिकडे धावली. पाथर्डीकडची टोळी, आणि टोळीत तिचे सख्खे मामा.

मामांनी भाकरी हातावर ठेवून विचारलं, "तू हितं काय करतीस गं?"

हौसानं सांगितलं. मामांना फार वाईट वाटलं.

"आधी कळवायचं, पोरी," ते म्हणाले. "दोन वाफे ठिवले असते की तुला वळायला."

*

हा किस्सा विमल सांगते तेव्हा मी स्वयंपाकघरात जाते. लिहिताना मात्र जायला जागा नाही, म्हणून सांगून टाकते.

एका वर्षी आखूड पल्ल्यात पुरुषांची एक तुकडी आमच्या मागे लागली. कुठल्याशा ऑफिसातली मंडळी होती. सुरुवातीला त्यांनी आम्हाला बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं होतं. पण दुसऱ्या ठाण्यापर्यंत त्यांच्या लक्षात आलं की या बायकांना ठाणी सापडतात. मग त्यांनी आपला नकाशा गुंडाळून पिशवीत घातला आणि आम्ही जाऊ तिकडे येऊ लागले. अंतर ठेवून. आम्ही थांबलो की थांबायचे, आभाळाकडे बघायचे. आम्ही निघालो की निघायचे.

लीलाबाईंना राग येत होता. "वाट आपण काढायची आणि हे फुकट चालणार," त्या म्हणाल्या. पण काय करणार, रान काही आमच्या मालकीचं नव्हतं.

डोंगराच्या मध्यावर मला आणि विमलला जरा आडोशाला जायची गरज पडली. बायकांना दिवसभर रानात चालायचं म्हटलं की ही अडचण असतेच, आणि तीही वाट ठरवतानाच धरावी लागते. लीलाबाई पायवाटेवर उभ्या राहिल्या. आम्ही दोघी पायवाट सोडून उजवीकडे दाट करवंदीच्या जाळीमागे निघालो. हौसा सोबत.

आणि मागून पानं वाजली. चौघेही पुरुष आमच्या मागोमाग पायवाट सोडून जाळीकडे येत होते. एकानं तर कार्डही हातात काढून ठेवलं होतं, शिक्क्यासाठी.

हौसा वळली. कमरेवर हात ठेवला.

"भाऊ," ती म्हणाली, "हितं ठाणं न्हाई."

त्यांचा नकाशा त्याच क्षणी बाहेर निघाला. पुन्हा ती तुकडी आमच्या मागे कधीच दिसली नाही. पुढेही दिसली नाही.

*

दुष्काळाच्या वर्षी साहेबांनी शर्यत पाथर्डीकडच्या डोंगरात घेतली. त्याच वर्षी लीलाबाईंना लांब पल्ला मिळाला.

कसा मिळाला ते मला काकांनी सांगितलं. साहेब नेहमीसारखं म्हणाले, घरच्यांना काय सांगू. तेव्हा सुभेदार काका उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, जबाबदारी माझी." साहेबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ठीक आहे. एकदाच. दिवस मावळायच्या आत चौघी परत आल्या तर पुढे दरवर्षी. नाही आल्या तर हा विषय पुन्हा माझ्याकडे आणायचा नाही."

लीलाबाईंनी तो चहा मात्र अर्धाच प्यायला.

त्या भागाची ओळख व्हावी म्हणून आम्ही आधी एकदा तिकडे जाऊन आलो. सगळीकडे दुष्काळी कामं निघालेली. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, कुठे नालाबंडिंग. लोक कामाची वाट बघत बसलेले. एका पारावर लीलाबाईंनी नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि आम्ही चौघी वाकून बघू लागलो. डोकं वर केलं तर चारी बाजूंना माणसं. म्हातारे, बायका, पोरं कडेवर घेतलेल्या सुना.

एक फेटेवाले बाबा पुढे आले. "बाई, रस्ता आमच्या वस्तीवरनं घ्या," ते म्हणाले.

दुसरे म्हणाले, "त्यांच्या वस्तीला मागल्या महिन्यात मिळालंय काम. आमच्याकडं न्या."

लीलाबाई परोपरीनं सांगू लागल्या. आम्ही सरकारी नाही. हे मोजणीचं काम नाही. ही शर्यत आहे, आम्ही नुसत्या चालणार आहोत. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चालताय तर चाला की," ते म्हणाले. "पर आमच्या वस्तीवरनं चाला. तुमी गेलात म्हंजी मागनं कोनतरी येईलच."

आम्ही त्यांच्या वस्तीवरून गेलो. नकाशावर ती वाट लांबची होती.

*

शर्यतीच्या दिवशी उजाडतानाच डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातल्या शाळेतून सगळ्यांना सोडलं. परत तिथेच यायचं होतं. साहेबांनी सक्त सांगितलं होतं, यंदा कोणीही कुठल्या गावात पाणी मागायचं नाही. आपलं पाणी आपण न्यायचं. आम्ही खांद्यावर पाण्याच्या पिशव्या, पदर खोचलेले, पायांत कॅनव्हासचे बूट अशा निघालो. सुभेदार काका फाटकाशी उभे होते. माझ्या बुटाची नाडी सुटली होती तिकडे त्यांनी बोट दाखवलं.

दुपारपर्यंत सगळं मनासारखं झालं. लीलाबाईंनी वाटा अशा निवडल्या होत्या की एक चढ दोनदा चढावा लागला नाही. ठाण्यांवरची माणसं आम्हाला बघून उठून उभी राहत होती. एकच ठाणं राहिलं होतं, डोंगरामागच्या तळ्याच्या बांधावरचं. नकाशावर ते तळं चांगलं मोठं, निळं होतं.

डोंगराची धार ओलांडून आम्ही पलीकडे उतरलो आणि तळं शोधू लागलो. तळं दिसेना. मोठं मैदान होतं, भेगा पडलेलं, आणि त्यात शेकडो बायामाणसं गाळ काढत होती. आम्ही मैदान ओलांडलं, परत आलो, पुन्हा गेलो. विमलनं तीनतीनदा होकायंत्र लावलं. उन्हं कलायला लागली. शेवटी लीलाबाईंनी एका गाळ भरणाऱ्या बाईला विचारलं, "बाई, इथलं तळं कुठं आहे हो?"

बाईनं घमेलं खाली ठेवलं आणि आमच्या बुटांकडे बघितलं.

"तुमी तळ्यातच उभ्या हाय की," ती म्हणाली.

बांध समोरच होता. ठाण्यावरचा माणूस तिथे केव्हापासून बसून आमच्या फेऱ्या बघत होता, पण त्याला आम्हाला हाक मारायची परवानगी नव्हती. शिक्का मिळाला. वेळ मात्र गेला होता.

आता नकाशावर परत जायच्या दोनच तऱ्हा होत्या. आलो तशी धारेवरची वाट, पक्की, पण लांब. त्या वाटेनं गेलो तर अंधार नक्की. दुसरीकडे दरी. दरीतून शाळा अगदी जवळ, पण तिथे तपकिरी रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि पायवाटेचा एक ठिपकाही नाही.

मी म्हणाले, "धारेनं जाऊ. उशीर होईल, पण चौघी धड पोचू."

विमल म्हणाली, "उशीर झाला की संपलंच ना, शकूताई. मग पुढे कोणालाच नाही."

हौसा लीलाबाईंकडे बघत होती. लीलाबाई नकाशा मांडीवर घेऊन बांधावर बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष नकाशात नव्हतं. बांधाखाली बाभळींना ओळीनं झोळ्या टांगल्या होत्या आणि झोळ्यांत पोरं झोपली होती. लीलाबाई त्या झोळ्यांकडे बघत होत्या.

वाट आहे का असं विचारलं की खेड्यातली माणसं आपलं मन मोडू नये म्हणून 'हाय की' म्हणतात. लीलाबाईंनी ते विचारलंच नाही. त्यांनी जवळच्या बाईला विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

तिनं शाळेच्या त्याच गावाचं नाव सांगितलं.

"रोज येता?"

"रोज."

"आणि संध्याकाळी घरी?"

"मग काय हितंच निजायचं?"

लीलाबाई उठल्या. नकाशाची घडी केली. "इतक्या बायका कडेवर पोरं घेऊन रोज धार चढून येत नाहीत," त्या म्हणाल्या. "चला."

बांधाच्या टोकाला गेलो तर दरीच्या अंगाला ताजा तांबडा मुरूम पडलेला. वळणं घेत खाली चाललेला, अर्धामुर्धा, नवाकोरा रस्ता. दोन्ही कडांना खडीचे ढीग, आणि ढिगांशी ओळीनं बसून बायका खडी फोडत होत्या. आम्ही जवळजवळ पळतच उतरत होतो. एका म्हाताऱ्या बाईनं हातोडी थांबवली. "कुठं आग लागलीया गं?"

"शर्यत आहे, आजी," मी म्हणाले.

"जितल्यावर काय मिळतंय?"

"पुढच्या वर्षी परत चालायला मिळतं."

"ते तर आमाला रोजच मिळतंय," ती म्हणाली आणि पुन्हा हातोडी उचलली.

मध्येच रस्ता संपला. तिथे नुसत्या खुंट्या ठोकलेल्या आणि चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढलेली होती. त्या रेघेवरून एकमेकींचे हात धरून उतरलो. हौसा बसून घसरली, विमलचा पदर बोरीत अडकला, तो तसाच ओढून ती पुढे झाली. ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडलं. पलीकडे पुन्हा मुरूम लागला. आणि मग शाळेचं कौलारू छप्पर दिसलं, त्यावर ऊन होतं.

सुभेदार काका फाटकाशी उभे होते. ते सूर्याकडे बघत नव्हते आणि आमच्याकडेही बघत नव्हते. हातरुमाल झटकून घडी घालत होते, पुन्हा झटकत होते. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम केला. आम्हाला आजवर कोणी सलाम केला नव्हता. चौघींनाही सुचेना काय करावं, म्हणून विमलनं नमस्कार केला.

साहेब टेबलाशी होते. त्यांनी आमचं कार्ड घेतलं, एकेक शिक्का बघितला, डोंगराच्या माथ्यावर हातभर उरलेल्या सूर्याकडे बघितलं आणि शेवटचा शिक्का स्वतःच्या हातानं मारला. मग शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "पुढच्या वर्षी लांब पल्ल्यात बायकांच्या तुकड्या घ्यायच्या. लिहून ठेवा."

मग त्यांनी आपला मोठा नकाशा ओढून घेतला. तळ्याच्या ठाण्यावरच्या शिक्क्याची वेळ त्यांनी बघितली होती. त्या वेळेला तिथून निघालेली माणसं उजेडी इथे पोचतात कशी, हे त्यांना काही केल्या जुळत नव्हतं.

"लीलाबाई, कुठून आलात ते दाखवा."

लीलाबाईंनी बांधावर बोट ठेवलं आणि दरीतून सरळ शाळेपर्यंत आणलं. त्यांच्या नखांत मुरूम भरला होता, त्याची बारीक तांबडी रेघ नकाशावर उमटली. साहेबांनी भिंग घेतलं, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"पण इथे रस्ताच नाही," ते म्हणाले. "नकाशात काहीच नाही."

"नकाशात कुठून असणार, साहेब," लीलाबाई म्हणाल्या, "बायका अजून बांधतायत."